आधी आवाज काढा

कसबा पेठेत, तांबट आळीच्या अंगाला एका बोळात आप्पा तांबटांचं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय सहाचा गाळा. आप्पा गाड्यांचे सेल्फ दुरुस्त करतात. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटार. शिकलेली माणसं तिला स्टार्टर म्हणतात. गंमत अशी, की चारचाकीचं दुकान असूनही त्या बोळात चारचाकी शिरत नाही. त्यामुळे बंद पडलेली गाडी कुठेतरी मोठ्या रस्त्यावर सोडून मालक एकटाच घाम पुसत चालत येतो, आणि आप्पा चष्म्यावरून बघत त्याला म्हणतात, "आधी आवाज काढा."

या माणसाचं मी नुकसान केलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे आणि त्या सांगताना मला मजाही येणार आहे. मजा येणं हाच माझा जुना रोग आहे. त्या रोगापायीच सगळं झालं.

मी पहिल्यांदा गेलो त्याला आता अकरा-बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा विमा कंपनीत अधिकारी होतो, हातात चामड्याची बॅग होती, आणि गाडी मोठ्या रस्त्यावर भर गर्दीत अडली होती. किल्ली फिरवली की आतून नुसता एक आवाज यायचा आणि इंजिन ढिम्म. कोणीतरी बोळ दाखवला. मी आप्पांना म्हणालो, किल्ली फिरवली की टक असा आवाज येतो. आप्पा म्हणाले, "येतो ते कळलं. काढून दाखवा."

मी म्हणालो, म्हणजे तोंडाने? ते म्हणाले, "दुसऱ्या कशाने काढता येत असेल तर तसा काढा."

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर तोंडाने गाडीचा आवाज काढणं मला काही झेपेना. मी पुन्हा वर्णन करायला लागलो. आप्पांनी सरळ मान खाली घातली आणि हातातलं काम सुरू केलं. तेवढ्यात बाकावरच्या एक बाई उठल्या. डॉक्टर होत्या, हे नंतर कळलं. त्यांनी खुलेपणाने "टकटकटकटकटक" असा आवाज काढला. आप्पांनी डोळे मिटून तो ऐकला, म्हणाले, "बॅटरी उतरलीय, सेल्फ बरा आहे, बॅटरी चार्ज करून आणा." मग माझ्याकडे वळले. मी इकडेतिकडे बघत अगदी बारीक आवाजात "टक" म्हणालो. ते म्हणाले, "एकदाच? आणि दिवे लावून किल्ली फिरवली तर दिवे मंद होतात का?" मी ते बघितलंच नव्हतं. "मग काय बघितलंत?" असं म्हणून ते पिशवी घेऊन निघाले. गाडीपाशी आल्यावर मला किल्ली फिरवायला लावून त्यांनी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हात ठेवला. एक टोक गरम लागत होतं. पाना लावून ते काढलं, घासलं, आवळलं. गाडी चालू झाली. माझे आभार पुरते ऐकूनही न घेता ते बोळात परत गेले.

आवाज तोंडाने काढायला लावणं हा लोकांना त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. मलाही वाटायचा. खरं तर त्यात निव्वळ सोय होती. गाडी येऊ शकत नाही, म्हणून गाडीचा आवाज आणायचा. त्यावरून कोणता पाना न्यायचा, कोणती वायर न्यायची, ते ठरवायचं. भराभर टकटक झाली तर बॅटरीत जोर नाही. एकच घट्ट टक झाली आणि दिवे तसेच राहिले, तर वीज सेल्फपर्यंत जाते पण पुढे अडते: एकतर सेल्फवरच्या स्विचमधलं तांबं झिजलंय, नाहीतर वाटेतला कुठला तरी सांधा खराब आहे. दोन्हीत फरक कसा ओळखायचा, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "विचारून."

आणि खरंच त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे: "गाडीला शेवटचं काय केलं होतं?" गाडी आपणहून बिघडत नाही, कोणीतरी आधी तिला हात लावलेला असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकाने जे सांगितलं त्यावर ते शंका घेत नसत. गाडीबद्दल माणूस कशाला खोटं सांगेल, म्हणायचे.

त्यांचा कान घरातूनच आला होता. वडील, आजोबा तांब्याची भांडी ठोकणारे. लहानपणी शेजारच्या घरातला हातोडीचा आवाज ऐकून हंड्याचा पत्रा कुठे पातळ झालाय ते ओळखायचं, हा त्यांच्या घरातला पोरखेळ होता. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी हौसेने तांब्याचं घंगाळ घेतलं आणि येता येता आप्पांना दाखवलं. आप्पांनी नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "छान आहे. कागदाची फुलं ठेवा यात." गृहस्थ खूश. पंधरा दिवसांनी घंगाळ बुडाशी गळायला लागलं तेव्हा त्यांना त्या वाक्याचा उलगडा झाला. त्यांनी जाऊन जाब विचारला तर आप्पा म्हणाले, "तुम्ही आनंदात होता. पाणी भरू नका, एवढं तर सांगितलं."

दुसरा एकजण एकदा नवाकोरा सेल्फ खोक्यासकट घेऊन आला आणि हा बसवून द्या म्हणाला. आप्पांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. "जुन्याचा गुन्हा काय?" माणूस म्हणाला, गाडी चालू होत नाही. "तो आरोप झाला. गुन्हा सिद्ध होऊ द्या." मग गाडीपाशी जाऊन त्यांनी इंजिनापासून गाडीच्या अंगाला जोडलेला वायरचा चपटा पट्टा बघितला. वीज त्यातूनच बॅटरीकडे परतते, आणि तो तुटायला आला होता. पट्टा बदलला, खोकं जसंच्या तसं परत केलं. काढलेला जुना भाग कागदात बांधून, वर गाडीचा नंबर लिहून मालकाच्या हातात द्यायचा, हाही त्यांचा नेम होता. काय काढलं ते ज्याचं त्याला कळलं पाहिजे, म्हणायचे. लोक ती पुडी वाटेत टाकून देत असत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. निवृत्त झाल्यापासून मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि माझ्या सूचना प्रसिद्ध आहेत. 'येथे थुंकू नये' असं मी लिहीत नाही. 'थुंकण्याआधी आपले पूर्ण नाव लिहावे, म्हणजे भिंत कोणाच्या स्मरणार्थ रंगवायची ते ठरवता येईल' असं लिहितो. सूचनांचे फोटो निघतात. ते निघाले की मला दोन दिवस बरं वाटतं. बायको, नीलिमा, म्हणते की तुम्हाला पाणी तुंबल्याचं दुःख कमी आणि पाटी लिहायला मिळाल्याचा आनंद जास्त असतो. तिचं बरोबर आहे.

शिवाय दसऱ्याला मी स्वतः गाडी धुतो. पूजेला बॉनेट उघडायचं, बॅटरीला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. गाडी चौदा वर्षांची झालेली. त्या दसऱ्याला बॅटरीच्या खालचा पत्रा गंजलेला दिसला. सणाच्या दिवशी गंजाला कुंकू लावायचं माझ्या जिवावर आलं. घरात काळा ऑइलपेंट होता. आदल्या दिवशी मी बॅटरी काढली, तो चपटा पट्टाही बोल्ट काढून बाजूला केला, सगळा पत्रा मस्त रंगवला, वाळू दिला आणि जसं होतं तसं परत जोडलं. पूजा झाली. नीलिमासुद्धा म्हणाली की गाडी आतून नवी दिसतेय.

दिवाळीनंतर एका सकाळी किल्ली फिरवली आणि एकच टक. दिवे लावून बघितले, तसेच प्रखर. आप्पांच्या शाळेत मी एवढं शिकलो होतो. रिक्षाने कसब्यात गेलो. माझ्या आधी एका माणसाची हजेरी चालू होती. त्याने पाइप लावून चालू इंजिन धुतलं होतं. आप्पा त्याला विचारत होते, "डोक्याला शाम्पू लावताना कवटी उघडता का?" बाकावरची माणसं हसत होती. मीही हसलो.

माझी पाळी आली. मी आता सरावाने "टक" केलं. दिवे प्रखर राहतात, तेही सांगितलं. आप्पा खूश झाले, म्हणाले, अर्धं काम करून आलात. मग विचारलं, "गाडीला शेवटचं काय केलं होतं?"

मला रंग आठवला. हे मी आज स्वच्छ लिहितो. आठवला, आणि त्याचबरोबर बाकावरची चार माणसं दिसली. रंगाचा नि सेल्फचा काय संबंध, असं मी मनाला सांगितलं. संबंध नसता तर सांगायला काय हरकत होती, हे मनाने विचारलं नाही. मी म्हणालो, "काही नाही."

आप्पांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला. आले, सेल्फ काढून नेला, उघडला. स्विचमधलं तांबं झिजलेलं होतंच. चौदा वर्षांच्या गाडीत ते झिजायचंच. त्यांनी ते बदललं, सेल्फ साफ केला, बसवला. बसवताना हलवाहलव झाली, पट्ट्याला कुठेतरी रंगाखालचा पत्रा टेकला असावा. गाडी पहिल्या फटक्याला चालू झाली. त्यांनी जुन्या तांब्याची पुडी पुढे केली. मी म्हणालो, मी काय करू घेऊन, ठेवा तुमच्याकडेच.

महिन्याभराने हडपसरला मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता. निघताना मंडळी निरोप द्यायला बाहेर आली आणि गाडीने एकच टक केली. पुन्हा टक. पुन्हा टक. व्याह्यांकडची तरणी मुलं धक्का मारायला आली, मी रेशमी झब्ब्यात स्टिअरिंगवर बसलेलो, आणि एक काका म्हणाले, गाडी निवृत्त झाली वाटतं साहेबांबरोबर. सगळे हसले. हसणारे नेहमी माझ्या बाजूला असतात, त्या दिवशी ते समोर होते. धक्क्यावर गाडी चालू झाली, आम्ही घरी पोचलो. पोचल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं:

'सूचना. कसबा पेठेतील सुप्रसिद्ध सेल्फतज्ज्ञ आप्पा तांबट गाडीचा आवाज तोंडाने काढायला लावतात. सदस्यांनी तो नीट पाठ करून ठेवावा. दुरुस्तीनंतरही तोच उपयोगी पडतो.'

पाच मिनिटांत चाळीसजण हसले. कोणी लिहिलं, सेक्रेटरी फॉर्मात. मजकूर एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला. आठवड्याने तो मला हडपसरहून त्याच काकांनी पाठवला, लिहिणारा मीच हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी नीलिमाला कौतुकाने दाखवायला गेलो. ती म्हणाली, "नाव कशाला घातलंत त्यांचं?" मी म्हणालो, नावाशिवाय धार येत नाही.

आप्पांकडे साधा फोन आहे. त्यांना तो मजकूर कोणीतरी दुकानात वाचून दाखवला. मला हे कसं कळलं, तर एका दुपारी वॉचमनचा इंटरकॉम आला की कोणी तांबट म्हणून आलेत, पिशवी घेऊन, तुमची गाडी बघू द्या म्हणतात. गाडी तेव्हा मोठ्या गॅरेजमध्ये होती, तिथे नवा सेल्फ बसत होता. मी खाली जाऊन एवढं सांगायला हवं होतं. मी वॉचमनला म्हणालो, साहेब घरी नाहीत म्हणून सांग.

आणि गॅलरीच्या पडद्याआडून बघत राहिलो. सत्तरीचा माणूस, कसब्यातून दोन बस बदलून आलेला. ते माझ्या पार्किंगच्या रिकाम्या चौकोनापाशी गेले, वाकून जमिनीकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग वॉचमनकडे काहीतरी दिलं आणि फाटकातून बाहेर पडले. ती तांब्याची पुडी होती. वर माझ्या गाडीचा नंबर, आत चिठ्ठी: 'हे पाहावे. झीज खरी होती. तरी माझ्या हातून काही राहिले असल्यास कळवावे.' चिठ्ठी वाचून मला राग आला. आपण चुकलो असू असं वाटायला लागलं की मला आधी राग येतो. मी पुडी टेबलाच्या खणात टाकली.

नवा सेल्फ दीड महिना चालला. मग खडकीला, स्टेशनजवळ, एकच टक. शेजारीच एक गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकने बॅटरीच्या वजा टोकापासून एक जाड वायर थेट इंजिनाला टेकवली आणि नीलिमाला किल्ली फिरवायला सांगितली. गाडी चालू झाली. तो म्हणाला, सेल्फ चांगला आहे, अर्थिंग मिळत नाही. मग त्याने चपट्या पट्ट्याचा बोल्ट काढला. पट्ट्याखाली पत्रा काळा कुळकुळीत, चकचकीत. "रंग कोणी दिलाय इथे? रंगातून करंट कसा जाणार?"

आतून नीलिमा म्हणाली, "तुम्हीच नाही का दसऱ्याला दिलात?" त्याने पॉलिशपेपरने रुपयाएवढी जागा घासली, पट्टा आवळला, आणि पाच मिनिटांत आम्ही निघालो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "आप्पांकडे कधी जाताय?"

मी लगेच गेलो नाही. जायचं ठरवायचो आणि बँकेचं काम आठवायचं. ग्रुपवर लिहायला बसलो तर प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीत विनोद यायचा आणि तो वाचून मलाच हसू फुटायचं. मग लाज वाटून पुसायचो. असे तीन आठवडे गेले.

शेवटी पुडी खिशात घालून गेलो. दुकानात एक बाई होत्या. त्या जुन्या गिऱ्हाईक असाव्यात, कारण आल्या आल्या त्यांनी आवाज काढायला तोंड उघडलं. आप्पांनी हात वर केला. "नको, राहू द्या. मी येऊन बघतो." बाई ओशाळल्या. गाडी कुठे आहे ते सांगून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आप्पा पिशवीत सामान भरायला लागले. काय न्यायचं ते ठरत नव्हतं, म्हणून सगळंच भरत होते. पिशवी जड झाली होती.

मला पाहून ते म्हणाले, "या कुलकर्णी." एवढंच. टोमणा नाही, काही नाही. मी सबंध रस्ता वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी पुडी टेबलावर ठेवली आणि, कोणी सांगितलं नसताना, मोठ्याने "टक" असा आवाज काढला. बाहेर उभ्या बाईंनी वळून बघितलं.

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. मग सवयीनेच त्यांच्या तोंडून निघालं, "गाडीला शेवटचं काय केलं होतं?"

"रंग दिला होता. पट्ट्याच्या बोल्टाखाली. दसऱ्याला, मीच."

"मी विचारलं तेव्हा आठवत होतं?"

हाच प्रश्न ते विचारतील याची मला भीती होती. "होतं," मी म्हणालो.

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी पडदा बघितला, मशीनवर बसवलं. म्हणाले, वयाच्या मानाने थोडं कमी येतं. मला वाटलं, तुमच्या गाडीत चुकलो ते त्यामुळेच." मग म्हणाले, "तेव्हापासून कोणाला आवाज काढायला लावत नाही. उगाच हसं कशाला."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. मी म्हणालो, ग्रुपवर सगळं खरं लिहितो. ते म्हणाले, "लिहा. त्यात विनोद नको." मग पिशवी खांद्याला लावून बाईंबरोबर बोळातून निघून गेले. पुडी टेबलावरच राहिली.

मी लिहिलं. चूक माझी होती, रंग मी दिला होता, विचारल्यावर लपवलं, आप्पांचं काम बरोबर होतं, असं चार ओळींत साधं लिहिलं. दोघांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. एका नव्या भाडेकरूने विचारलं, कोण आप्पा? त्याच्याखाली टाकी धुण्याची वेळ आली आणि विषय संपला. तो मजकूर कोणी कुठे पुढे पाठवला नाही. जुना मात्र अजून फिरतोय. परवा एका लग्नात मला तो एकाने वाचून दाखवला. मी त्याला थांबवून सगळी हकीकत सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, पण लिहिलंय झकास.

गेल्या आठवड्यात काही कामाने कसब्यात गेलो होतो. बोळाच्या तोंडाशी पाय थबकले. दुकानापुढे एक तरुण उभा होता, आयटीतला असावा, गळ्यात ओळखपत्र. आप्पा त्याला काहीतरी म्हणाले. तो लाजून हसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "टक."

मला इतकं बरं वाटलं की मी पुढे होणार होतो. तेवढ्यात आप्पांनी मान एका बाजूला कलती केली, कानामागे हात धरला आणि म्हणाले, "पुन्हा."

त्याने पुन्हा काढला. आप्पांनी डोळे मिटले. पूर्वी ते एकदाच ऐकायचे. "आणखी एकदा," ते म्हणाले. तरुणाने तिसऱ्यांदा काढला आणि आप्पा त्याच्या आणखी जवळ सरकले. मी पुढे झालो नाही. आलो तसा मागे फिरलो, आणि मोठ्या रस्त्यावर येईपर्यंत तो आवाज पाठीमागून येतच होता.